विषाणुशास्त्रज्ञ सर मॅकफार्लेन बर्नेट

आमच्या महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून मानमोडी हा शब्द अद्याप अगदीच विसरला गेलेला नाही. १९१८ साली इन्फ्ल्युएन्झाची जी भयंकर साथ साऱ्या जगावर कोसळली, तिलाच आपल्याकडील लोकांनी हे नाव दिले. त्या वर्षीच्या जून महिन्यात तिने मुंबई बंदरातून हिंदुस्थानात प्रवेश केला, आणि पावसाळा सरता सरता तिची जी दुसरी लाट आली, ती पहिलीहून कितीतरी पटींनी घातक ठरली. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. परंतु ह्या संख्येपेक्षाही एक गोष्ट लोकांच्या मनास अधिक चटका लावून गेली. इन्फ्ल्युएन्झा सामान्यतः तान्ह्या मुलांस आणि वृद्धांस मारक ठरतो. ह्या साथीने मात्र २० ते ४० वर्षे वयाची धडधाकट माणसे जणू वेचून नेली. एकंदर मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू ह्याच वयाच्या स्त्रीपुरुषांचे होते. कित्येक घरांत आजी-आजोबा उरले, तान्हे मूल उरले, आणि मिळवता मुलगा व त्याची तरुण पत्नी मात्र आठ दिवसांच्या आत गेली. जे शरीर सर्वांत बळकट, तेच सर्वांत आधी का पडावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याकरिता दोन शास्त्रांची सांगड घालणे अवश्य होते. रोग उत्पन्न करणारा विषाणू कसा वाढतो हे एका शास्त्राने सांगावयाचे, आणि त्यास शरीर कसे तोंड देते हे दुसऱ्याने. ह्या दोन्ही शास्त्रांत ज्यांनी अग्रस्थान मिळविले असे पुरुष विरळाच. ऑस्ट्रेलियाचे सर मॅकफार्लेन बर्नेट हे त्यांपैकी एक होत. त्यांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवीत आहो.

फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातील ट्रॅराल्गन ह्या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात येऊन स्थायिक झालेले असून एका बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक होते. सात भावंडांत फ्रँक दुसरा. थोरल्या बहिणीच्या बुद्धीची वाढ खुंटलेली होती आणि तिची शुश्रूषा करण्यात आईचा बहुतेक वेळ जाई. त्यामुळे हा मुलगा लहानपणापासून एकलकोंडा व लाजाळू झाला. १९०९ मध्ये वडिलांची बदली टेरँग येथे झाली. तेथील तळ्याकाठी व रानात हिंडून भुंगेरे गोळा करावे, त्यांच्या जाती ओळखाव्या, त्यांच्या नोंदी ठेवाव्या, हाच त्याचा खेळ आणि हाच त्याचा विसावा. पुढे आयुष्यभर रोगांकडे पाहण्याची त्यांची जी दृष्टी होती, तिचे मूळ आम्हांस ह्या भुंगेऱ्यांच्या छंदात दिसते. रोगजंतू हा नुसता मनुष्याचा वैरी नव्हे, तोही एक जीव आहे व त्यासही आपली उपजीविका करावयाची असते, ही जाण निसर्गाचे निरीक्षण करणाऱ्यासच असू शकते.

१९१३ साली शिष्यवृत्ती मिळवून फ्रँक जिलाँग कॉलेज ह्या वसतिगृह असलेल्या शाळेत दाखल झाला. तेथे मैदानावर पराक्रम करणाऱ्यांचा मान मोठा, आणि हा मुलगा तर पुस्तकांत रमणारा. तेव्हा ती वर्षे त्यास फारशी सुखाची गेली नाहीत. तथापि १९१६ मध्ये तो शाळेत पहिला आला. पुढील वर्षी मेलबर्न विद्यापीठाच्या ऑर्मंड कॉलेजात राहून त्याने वैद्यकाच्या अभ्यासास प्रारंभ केला. तो शिकत असतानाच इन्फ्ल्युएन्झाची ती महासाथ ऑस्ट्रेलियास पोहोचली. बाहेरून येणाऱ्या जहाजांस विलग ठेवून त्या देशाने तिला काही महिने दूर ठेवले होते. परंतु जानेवारी १९१९ मध्ये ती मेलबर्न शहरात शिरली, आणि देशात सुमारे १५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या ज्या पिढीने ते दिवस पाहिले, तिच्यापैकी हा एक होता.

१९२२ साली बर्नेट पदवीधर झाले. मज्जातंतूंच्या रोगांचे चिकित्सक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु हा अबोल तरुण रोग्याच्या खाटेपेक्षा प्रयोगशाळेतच अधिक शोभेल असे वरिष्ठांस वाटले, आणि ते मत योग्य ठरले. मेलबर्न येथील वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत त्यांचा प्रवेश झाला. १९२५ मध्ये ते लंडनच्या लिस्टर संस्थेत गेले व जंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर त्यांनी प्रबंध लिहिला. तेथून परत आल्यावर १९२८ मध्ये लिंडा ड्रूस या विदुषीशी त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात बंडाबर्ग गावी एक हृदयद्रावक घटना घडली. घटसर्पापासून संरक्षण व्हावे म्हणून मुलांस लस टोचण्यात आली, आणि एका दिवसाच्या अवधीत त्यांतील मुले मरू लागली. एकंदर १२ बालके दगावली. कारण शोधण्याचे काम हॉल संस्थेचे संचालक चार्ल्स केलवे यांच्यावर आले, व प्रयोगशाळेतील तपासणी बर्नेट यांनी केली. लसीच्या बाटलीत पू उत्पन्न करणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू शिरून वाढले होते, असे सिद्ध झाले. जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य त्या लसीत नव्हते, आणि एकच बाटली पुनःपुन्हा वापरली गेली होती. ह्या दुःखद प्रसंगातून बर्नेट यांचे लक्ष त्या जंतूंच्या विषाकडे, आणि त्या विषाविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांकडे वळले. प्रतिपिंडे म्हणजे परक्या द्रव्यास चिकटून त्यास निष्प्रभ करणारे रक्तातील पदार्थ. प्राण्यास विषाची सौम्य मात्रा दुसऱ्यांदा दिली असता ही प्रतिपिंडे हळूहळू नव्हे, तर गुणाकाराने वाढतात, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. गुणाकाराने जे वाढते ते जिवंत असले पाहिजे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात रुजला. त्याचे फळ येण्यास पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली.

१९३२ साली बर्नेट पुन्हा लंडनला गेले. सर हेन्री डेल यांच्या हाताखालील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ते काम करीत असतानाच, १९३३ मध्ये, विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या त्रयीने माणसाच्या इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू प्रथम हस्तगत केला. रोग्याच्या घशातील गुळण्यांचे पाणी गाळून त्यांनी ते फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्याच्या नाकात सोडले, आणि त्या प्राण्यास शिंका व ताप येऊ लागला. परंतु फेरेट पाळणे खर्चाचे व जिकिरीचे. बर्नेट तेव्हा कॅनरी पक्ष्यांच्या देवीचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील वाढत्या गर्भाच्या आवरणावर वाढवीत होते. स्वदेशी परतल्यावर हीच रीत त्यांनी इन्फ्ल्युएन्झाकरिता चालविली व क्रमाक्रमाने इतकी सुधारली की, कोंबडीचे साधे अंडे हेच विषाणूची पैदास करण्याचे सर्वोत्तम पात्र ठरले. आजही जगातील इन्फ्ल्युएन्झाच्या बहुतेक लसी अंड्यांतूनच काढल्या जातात. ज्याची पैदास करता येते त्याचे मोजमाप करता येते, आणि ज्याचे मोजमाप करता येते त्याचाच शास्त्रीय विचार होऊ शकतो. ह्या दृष्टीने बर्नेट यांची ही कामगिरी फार मोलाची होय.

१९४२ मध्ये बर्नेट यांनी एलेन क्लार्क या सहकारी विदुषीसह इन्फ्ल्युएन्झाच्या मागील पन्नास वर्षांचा आढावा घेणारा एक ग्रंथ लिहिला. १९१८ साली तरुणच का मेले, ह्या कोड्याचाही त्यांनी विचार केला. बर्नेट यांचा तर्क असा की, कित्येक संसर्गजन्य रोग शाळकरी वयात सौम्यपणे जातात व तरुणपणी उग्र होतात, याचे कारण केवळ विषाणूत नाही. तरुण शरीराचा प्रतिकार अतिजोमाचा असतो, आणि त्या जोमाने उठलेला दाहच फुप्फुसांस घातक होत असावा. घरास लागलेली आग विझविण्यासाठी धावलेल्या मंडळींनी पाण्याच्या लोंढ्याने घरच पाडावे, तसा हा प्रकार. त्या काळी हा तर्क प्रयोगाने पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. शिवाय दुसरीही कारणे पुढे येत होती व आजही ती मानली जातात. वृद्धांनी बालपणी तशाच एखाद्या विषाणूशी सामना केलेला असल्यामुळे त्यांचे रक्षण झाले असावे, हे एक. आणि विषाणूने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत न्युमोनियाचे जंतू शिरून बहुतेक मृत्यू घडले, हे दुसरे. ह्यांपैकी कोणतेही एकच कारण पुरेसे आहे असे आज कोणी समजत नाही. तथापि रोगाची उग्रता ही हल्ला करणारा व हल्ला सोसणारा ह्या दोघांच्या देवघेवीतून ठरते, हा जो सिद्धांत बर्नेट यांनी हाती धरला, तो मात्र टिकला.

ह्याच सुमारास सैनिकांकरिता त्यांनी इन्फ्ल्युएन्झाची एक लस सिद्ध केली. विषाणू मारून न टाकता दुबळा करावयाचा व नाकात फवारावयाचा, अशी ती रीत होती. मोठ्या प्रमाणावरील चाचणीत तीस अपेक्षित यश आले नाही. ते अपयश त्यांनी लपविले नाही. ज्या वाटेने रोग शिरतो त्याच वाटेवर पहारा बसवावा, ही त्यामागील कल्पना मात्र खोटी नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी अशा लसी यशस्वी झाल्या. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीने पुणे शहर हादरून गेल्यावर, २०१० साली पुण्यातीलच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची अशीच जिवंत लस बाजारात आणली, हे आमच्या वाचकांस ठाऊक असणे उचित आहे.

१९४४ मध्ये बर्नेट हॉल संस्थेचे संचालक झाले व १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याजवळ शिकण्याकरिता दूरदूरची तरुण मंडळी येऊ लागली. १९४८ मध्ये स्कॉटलंडमधील ॲलिक आयझॅक्स हा तरुण डॉक्टर तेथे येऊन दोन वर्षे राहिला. तो लंडनला परतल्यावर १९५७ मध्ये त्याने व स्वित्झर्लंडच्या झाँ लिंडेनमान यांनी अंड्याच्या आवरणावर इन्फ्ल्युएन्झाचा मारलेला विषाणू घालून पाहिला, आणि त्या आवरणाच्या पेशींतून एक असे द्रव्य पाझरते की जे इतर पेशींस विषाणूपासून वाचविते, असे त्यांस आढळून आले. त्यांनी त्यास इंटरफेरॉन हे नाव दिले. गावात दरोडेखोर शिरताच पहिल्या घराने दवंडी पिटावी आणि बाकीच्यांनी कड्या लावून घ्याव्या, तसे हे द्रव्य काम करते. संसर्गानंतरच्या पहिल्या काही तासांत शरीराजवळ असलेले हे मोठेच शस्त्र होय.

त्याच १९५७ साली बर्नेट यांनी एक धाडसी निर्णय घेतला. विषाणुशास्त्रात कीर्ती मिळविलेल्या आपल्या संस्थेचे सर्व बळ त्यांनी प्रतिकारशास्त्राकडे वळविले. ह्याची तयारी त्यांच्या मनात पूर्वीच चालू होती. १९४९ मध्ये फ्रँक फेनर यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी विचारले होते की, शरीर परक्यावर हल्ला करते आणि स्वतःवर करीत नाही, हे त्यास कळते कसे? स्व आणि पर हा भेद जन्मतः ठरलेला नसून गर्भावस्थेत शिकला जातो, असे त्यांचे अनुमान होते. इंग्लंडात पीटर मेडावर व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवर प्रयोग करून १९५३ मध्ये ते खरे करून दाखविले. ह्या कार्याबद्दल १९६० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक बर्नेट व मेडावर यांस वाटून देण्यात आले.

परंतु स्वतः बर्नेट यांस अधिक अभिमान होता तो १९५७ मध्ये मांडलेल्या वंशनिवडीच्या सिद्धांताचा. तो थोडक्यात असा: आपल्या शरीरात प्रतिकार करणाऱ्या असंख्य पेशी आधीपासूनच असतात व त्यांतील प्रत्येकीस एकाच आकाराची खूण ओळखता येते. शत्रू आत आला म्हणजे ज्या पेशीस त्याची खूण पटते, तीच वाढू लागते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असा तिचा वंश फोफावतो आणि प्रतिपिंडांचा पूर येतो. गुणाकाराचे जे कोडे त्यांस बंडाबर्गनंतरच्या प्रयोगांनी घातले होते, ते येथे सुटले. नवा विषाणू आल्यावर प्रतिपिंडे पुरेशी होण्यास आठवडा किंवा अधिक अवधी का लागतो, आणि एकदा ओळख झाली म्हणजे पुढच्या वेळी तोच रोग सौम्य का होतो, हेही त्यावरून उमगते. स्वतःच्याच शरीराविरुद्ध उठणाऱ्या पेशी वाढीच्या काळातच नाहीशा केल्या जातात. पण त्यांतील काही चुकून शिल्लक राहिल्या तर शरीरात गृहकलह माजतो, असेही त्यांनी प्रतिपादिले. ह्या गृहकलहाच्या रोगांचा अभ्यास हेच त्यांचे उत्तरवयातील मुख्य काम झाले.

बर्नेट यांच्या स्वभावाची ओळख पटविणारा एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. १९५०-५१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव नाहीसा करण्याकरिता मिक्सोमा नावाचा विषाणू सोडण्यात आला. त्याच वेळी मरे नदीच्या खोऱ्यात माणसांत मेंदूज्वराची साथ उद्भवली, आणि लोकांनी सशांच्या विषाणूस दोष दिला. दोन्ही रोग निराळे आहेत हे सांगून पटेना, तेव्हा बर्नेट, फेनर व इयन क्लुनीस रॉस या तिघांनी तोच विषाणू स्वतःस टोचून घेतला. त्यांस काहीही झाले नाही व लोकांची भीती मावळली.

मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना त्याचे दोष झाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९४७ मध्ये आपल्या सरकारास दिलेल्या एका गुप्त अहवालात, आशियातील दाट वस्तीच्या देशांकडून स्वारीची भीती उद्भवल्यास त्यांच्याविरुद्ध पिकांचा नाश करणारी व रोग पसरविणारी साधने वापरण्याचा विचार बर्नेट यांनी मांडला होता. ज्याने आयुष्यभर साथींशी झुंज दिली, त्याच्या लेखणीतून असे शब्द उतरावे, ही खेदाची गोष्ट आहे. भीतीने ग्रासलेली विद्वत्ता कोठवर घसरते, ह्याचे हे उदाहरण समजावे. दुसरी चूक निराळ्या प्रकारची. १९७२ च्या सुमारास, संसर्गजन्य रोगांचे दिवस आता भरत आले व पुढे त्यांत नवलाचे असे काही उरणार नाही, असे भाकीत त्यांनी केले. पुढे काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

३१ ऑगस्ट १९८५ रोजी व्हिक्टोरियातील पोर्ट फेअरी येथे कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. १९१८ चे कोडे तेव्हाही सुटलेले नव्हते. पुढे ते हळूहळू उलगडू लागले. त्या साथीत मेलेल्या माणसांच्या जतन केलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांतून विषाणूची संपूर्ण जनुकरचना २००५ पर्यंत वाचून झाली व तो विषाणू कडक बंदोबस्तात पुन्हा निर्माण करण्यात आला. २००७ मध्ये कॅनडात माकडांवर केलेल्या प्रयोगात त्याने पहिल्या दवंडीची, म्हणजे इंटरफेरॉनची व्यवस्था बिघडविली आणि मागाहून दाह अनावर झाला, असे दिसून आले. बर्नेट यांच्या तर्कात जेवढे तथ्य होते तेवढे येथे दिसले, आणि त्यात जे उणे होते तेही कळून आले. नुसता जोम घातक नसून, वेळ चुकलेला जोम घातक होता.

मग २०२० साली कोविडची महासाथ आली. ह्या रोगात पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतो. बहुतेकांचे शरीर त्यास वेळीच आवरते. परंतु काहींच्या बाबतीत दुसऱ्या आठवड्यात दाह भडकतो, फुप्फुसांतील हवेच्या बारीक कोशांत पाणी साठते, आणि रोगी श्वासासाठी तडफडू लागतो. ब्रिटनमध्ये हजारो रोग्यांवर घेतलेल्या चाचणीत डेक्सामेथॅसोन हे दाह शमविणारे जुने, स्वस्त औषध दिवसाला ६ मिलिग्रॅम ह्या मात्रेत देऊन पाहिले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्यांचे मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने घटले. नुसता प्राणवायू लागणाऱ्यांस थोडा लाभ झाला. आणि ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती, त्यांस काहीच लाभ झाला नाही, उलट अपाय होण्याचा संभव दिसला. एकच औषध, एकच रोग. पण एका अवस्थेत ते प्राण वाचविते व दुसऱ्या अवस्थेत शरीराच्या संरक्षकांचेच हात बांधते. हा विवेक सुटला म्हणजे काय होते, ते आपल्या देशाने २०२१ मध्ये अनुभवले. मधुमेह असलेल्या कित्येकांस ही औषधे अवेळी व अतिरिक्त दिली गेली, आणि त्यांच्या नाकातोंडात व डोळ्यांत काळी बुरशी पसरली. त्या वर्षीच्या जूनअखेर देशात तिचे ४० हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले; त्यांत आमचा महाराष्ट्र आघाडीवर होता.

ह्याहून विलक्षण शोध त्याच वर्षी, म्हणजे २०२० मध्ये लागला. कोविडने प्राणांतिक अवस्थेस पोहोचलेल्या ९८७ रोग्यांचे रक्त संशोधकांनी तपासले. त्यांपैकी १०१ रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच शरीरातील इंटरफेरॉनास निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली. ज्या ६६३ जणांस रोग सौम्य झाला होता किंवा लक्षणेच नव्हती, त्यांच्यात एकाजवळही ती नव्हती. म्हणजे ह्या अभाग्यांच्या शरीरात दवंडी पिटणाऱ्याचा गळा घरच्यांनीच दाबला होता. पहिले पहारेकरी झोपून राहिले, विषाणू मोकाट वाढला, आणि उशिरा जागे झालेले सैन्य आंधळेपणाने लढत सुटले. इन्फ्ल्युएन्झाचा अभ्यास, शिष्य आयझॅक्सचे इंटरफेरॉन आणि शरीरातील गृहकलहाचा सिद्धांत, बर्नेट यांच्या आयुष्यातील हे तीन वेगळे दिसणारे धागे त्यांच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी एकाच रोग्याच्या रक्तात येऊन मिळाले.

आमच्या विद्यार्थी वाचकांनी ह्या चरित्रापासून काय घ्यावे? प्रतिकारशक्ती वाढवा, असा उपदेश आज जागोजागी ऐकू येतो, व तो करणारे चूर्णे आणि काढेही विकतात. बर्नेट यांच्या शास्त्राने आपणांस त्याहून सूक्ष्म गोष्ट शिकविली आहे. प्रतिकार मोठा असून भागत नाही. तो वेळेवर जागा व्हावा, खऱ्या शत्रूस ओळखणारा असावा आणि काम झाल्यावर थांबणारा असावा. लस टोचून घेण्याचे मर्म हेच की, शत्रूची ओळख तिने आगाऊ करून दिलेली असते, म्हणून शरीरास पुढे आंधळी लढाई लढावी लागत नाही. टेरँगच्या तळ्याकाठी भुंगेरे वेचणाऱ्या त्या लाजाळू मुलाने दोन्ही बाजू धीराने न्याहाळल्या, म्हणून हे रहस्य उलगडण्याची वाट त्यास दिसली. १९१८ साली ज्यांच्या घरातील तरुण माणसे गेली, त्यांस कोणी कारण सांगू शकले नाही. आज ते पुष्कळसे सांगता येते, आणि अतिदक्षता विभागातील कित्येक रोगी त्या ज्ञानामुळे घरी परततात. ह्याचे श्रेय ज्यांच्या पदरी पडते, त्यांच्या मालिकेत सर मॅकफार्लेन बर्नेट यांचे नाव कायम राहील.